आम्ही एप्रिलमध्ये येतो

प्रिय बाळा,

काल फोनवर तू नाराज झालास म्हणून आज नीट लिहायलाच बसले. तुझं म्हणणं की अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे मग डिसेंबरलाच बाळंतपणाला या, सहा महिने राहा, लागलं तर मुक्काम वाढवायला एक्स्टेन्शन टाकू. अरे पण तो व्हिसा म्हणजे दहा वर्षं दारापर्यंत यायची मुभा, आत किती राहायचं ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो आणि ती तारीख आय-९४ वर, म्हणजे आपल्या प्रवेशाच्या ऑनलाइन नोंदीवर असते, व्हिसाच्या स्टिकरवर नसते.

मागच्या वेळी आठवतंय ना, आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांनी तुझ्या लॅपटॉपवर दोघांचे आय-९४ काढले, मला पूर्ण सहा महिने आणि बाबांना नऊ दिवस कमी, कारण त्यांचा पासपोर्ट तेव्हाच संपत होता. बघितलं नसतं तर माझ्या तारखेवर दोघांचं तिकीट काढून मोकळे झालो असतो. त्या कागदावर बाबांनी लाल पेनाने केलेला गोल माझ्या अजून डोळ्यासमोर आहे.

आता दुसरं. वर्षातून किती वेळा यायचं, मध्ये किती दिवसांची गॅप हवी असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण आपलं येणंजाणं ऑफिसरला समोर दिसत असतं. मे ते ऑक्टोबर तिथेच होतो, डिसेंबरला परत सहा महिन्यांसाठी उभे राहिलो तर तो विचारणारच की तुम्ही भेटायला येता की राहायला, आणि खरं सांगू, त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये. जितकं तिथे राहिलो निदान तितकं तरी इथे राहावं असं सगळे म्हणतात, कायदा नाही तो, पण मला पटतं.

एक्स्टेन्शनचा आय-५३९ फॉर्म असतो, तारीख संपायच्या आत भरायचा, ४५ दिवस आधी भरलेला बरा. कोणाची तब्येत बिघडली, ऑपरेशन निघालं तर जरूर भरू. नुसतं राहावंसं वाटतं म्हणून नको रे, निकाल येईपर्यंत कितीतरी महिने जातात आणि तोवर जिवाला घोर. आणि काही न करता तारीख उलटू दिली तर एका दिवसानेही तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांच्या वर जास्त राहून मग निघालं तर ३ वर्षं बंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर १० वर्षं. आमच्या वयाला १० वर्षं म्हणजे काय ते तूच बघ. मला नातवंडांना दर दीड-दोन वर्षांनी भेटता आलं पाहिजे, एकदाच पोटभर राहून दार बंद करून घ्यायचं नाहीये.

बाळंतपणाला मी नसणार याचं मलाही फार वाईट वाटतंय, रात्री झोप लागली नाही. पण विहीणबाई कधीच आलेल्या नाहीत, त्यांना डिसेंबरला येऊ दे, सूनबाईला तेव्हा स्वतःची आईच हवी असेल. त्या मार्चअखेर निघाल्या की आम्ही एप्रिलमध्ये येतो, साडेतीन महिने राहू. तोवर बाळ मान धरायला लागलेलं असेल.

बाबांचा नवीन पासपोर्ट आलाय, व्हिसा जुन्यातच आहे म्हणून दोन्ही बरोबर घेते. रिटर्न तिकीट शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस, फ्लाइट कॅन्सल झाली तर हातात दिवस हवेत. सूनबाईशी बोलून तारखा कळव.

तुझी आई