आप्पा, वरच्या हॉलची किल्ली मुलांच्या हाती द्या

टोरोंटो,
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र वाचल्यापासून मनात तोच विषय घोळतो आहे. वाचनालयाचा वरचा हॉल लग्न-साखरपुड्यांना भाड्याने द्यावा की गावातल्या मुलामुलींसाठी राखावा, हे डिसेंबरच्या सभेत ठरायचे आहे आणि त्याआधी ‘तिकडे एवढ्या मोठ्या शहरात तरुणांसाठी काय चालते ते सविस्तर कळव’ असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत आधीच सांगते. हॉल मुलांना द्यावा. पण नुसता हॉल देऊन भागणार नाही, त्याची किल्लीही त्यांच्यापैकी कुणाकडे तरी असावी.

टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत आणि शहरात राहणाऱ्या कुणालाही सभासदत्व विनामूल्य मिळते. त्यांतल्या काही शाखांत शाळा सुटल्यानंतरच्या वेळात १३ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी जागा राखलेली असते. तिथे संगणक, बैठे खेळ, थोडा खाऊ आणि गृहपाठात मदत करणारे कुणीतरी असते. दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी दोन तास अशा एका ठिकाणी गणित सांगायला बसते. गेल्या वर्षी तिथे एक मुलगा सलग तीन आठवडे येऊन कोपऱ्यात बसत असे, मोबाइल चार्जिंगला लावत असे आणि कुणाशी चकार शब्द न बोलता निघून जात असे. तिथल्या कर्मचारी बाईंनी त्याला एकदाही ‘काम काय आहे’ असे विचारले नाही. रोज नुसते हसून खाऊची बशी पुढे केली. चौथ्या आठवड्यात तो माझ्यासमोर वही घेऊन बसला आणि अपूर्णांकांची बेरीज समजत नाही म्हणाला. आप्पा, आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी ‘अभ्यास करायचा नसेल तर बाहेर’ हे शब्द ऐकून निघून गेला असता आणि पुन्हा कधी फिरकला नसता, हे तुम्हीही मान्य कराल.

यासाठी महागडी साधने हवीत असे सभेत कुणीतरी म्हणेलच, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या ग्रंथालयाच्या संगणकयंत्रणेवर मोठा सायबर हल्ला झाला आणि पुढे कित्येक महिने संकेतस्थळ, पुस्तकांची यादी, वाचकांचे संगणक यांपैकी काहीच धड चालत नव्हते. परत आलेल्या पुस्तकांची नोंद करता येईना, म्हणून ती मोठमोठ्या ट्रेलरांत भरून ठेवावी लागली. तरीही शाखा उघड्याच राहिल्या. त्या हिवाळ्यात आमच्या खोलीतली मुले एकही संगणक चालू नसताना येतच राहिली, कारण त्यांना उबदार जागा, चार ओळखीचे चेहरे आणि ठरलेली वेळ हवी होती. ठरलेल्या वेळी उघडणारे दार आपल्या गावालाही परवडेल.

हेच ग्रंथालय १२ ते १९ वर्षांच्या मुलांच्या कविता, कथा आणि चित्रांचा अंक दरवर्षी छापते आणि त्यात काय घ्यायचे हे ठरवणाऱ्या संपादक मंडळात त्याच वयाची मुले असतात. हे कळले तेव्हा मला आपल्याच गावाची आठवण झाली. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत असत, हे तुम्हीच आम्हा भावंडांना कितीदा सांगितले आहे. छापखाना नाही, पैसा नाही, तरी मुलांना रोज सकाळी वाचायला मिळावे एवढ्यासाठी रात्री जागणारा माणूस आपल्या गावाने पाहिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे साहित्य संमेलन अमळनेरला झाले तेव्हा इथे बसूनही माझा ऊर भरून आला होता. पण संमेलनाचा मांडव तीन दिवसांनी उतरतो आणि हस्तलिखित अंक दर महिन्याला निघू शकतो.

जबाबदारीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मते सगळे त्यावरच अवलंबून आहे. या प्रांतात माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र मिळवायला प्रत्येक विद्यार्थ्याला ४० तास समाजसेवेचे काम करावे लागते. कुणी वृद्धाश्रमात वाचून दाखवतो, कुणी लहान मुलांच्या शिबिरात मदत करतो, कुणी ग्रंथालयातच येतो. आपल्याकडेही राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे आणि तिथे तर वर्षाला १२० तास अपेक्षित असतात, म्हणजे तास मोजण्यात आपण कमी नाही. फरक पडतो तो त्या तासांत मुलांच्या हाती काय सोपवले जाते याने. इथे महापालिकेला सल्ला देणारे तरुणांचे अधिकृत मंडळ १९९८ पासून आहे. इथल्या केंद्र सरकारच्या एका योजनेतून १५ ते ३० वर्षांच्या तरुणांना उन्हाळ्यात कामावर घेणाऱ्या संस्थांना आणि छोट्या व्यावसायिकांना वेतनाचा काही भाग मिळतो, त्यामुळे सोळा वर्षांची मुलगीसुद्धा स्वतःच्या कमाईचा पहिला पगार घरी आणते. लहानपणी मामाकडे जळगावला कार्तिकी एकादशीचा रथ पाहिला, त्यातले मला देवापेक्षा चाकांखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणारे तरुण अधिक आठवतात. एवढा अवजड रथ अरुंद गल्लीत वळवायचा, मोगरी क्षणभर चुकली तरी अनर्थ, आणि तरीही वडीलधारी मंडळी ते काम तरुणांवर सोपवतात, कारण जुन्यांच्या शेजारी उभे राहूनच ते शिकलेले असतात. ज्या गावांना रथ मुलांच्या हाती द्यायची सवय आहे, त्यांना एका हॉलच्या किल्लीची धास्ती का वाटावी?

मोठे उत्सवही इथे होतात. मे महिन्याच्या अखेरीस एरवी बंद असणाऱ्या इमारती लोकांना विनामूल्य पाहता येतात, शरद ऋतूत एका रात्री पहाटेपर्यंत रस्त्यांवर कलाकृती मांडलेल्या असतात, आणि शहरातले प्रमुख कलादालन या प्रांतातल्या २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना विनाशुल्क खुले आहे. मात्र सगळेच सुरळीत आहे असे समजू नका. पालिकेच्या पोहण्याच्या वर्गांची नोंदणी सुरू झाली की काही मिनिटांत जागा भरतात, आणि ज्यांच्या आईवडिलांना तारीख, वेळ, पद्धत आधीपासून माहीत असते त्यांचीच मुले आत पोहोचतात.

तिथेच मला माझी जुनी सल आठवते. बारावीत असताना एका शिष्यवृत्तीची सूचना एका कार्यालयाच्या आतल्या फलकावर महिनाभर लागलेली होती. तिथे दिवसभर पुरुषांची गर्दी असे, आम्ही मुली कधी पायरीही चढत नसू, आणि मला ती कळली तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. तुम्ही त्या रात्री जेवला नव्हता, ते मी विसरलेले नाही. संधी आली होती, आप्पा. ती माझ्या वाटेवर नव्हती, एवढेच.

म्हणून सभेत एवढे नक्की मांडा. हॉल रोज दुपारी चार ते सात उघडा असावा, म्हणजे मुलींना फार उशीर न होता घरी पोहोचता येईल. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका खाली आहे तशीच राहू द्यावी. वर बोलायला, वाद घालायला, नाटक बसवायला मोकळीक असावी. शिष्यवृत्त्या, शिबिरे, भरती, युवा महोत्सव यांच्या तारखांचा फलक जिन्यात बाहेरच्या बाजूला लावावा आणि तो दर सोमवारी बदलण्याचे काम दोन मुलींकडे द्यावे. कार्यकारिणीच्या बैठकीला एक मुलगा आणि एक मुलगी बसावी आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले जावे. भाड्याचे उत्पन्न बुडेल, ही खजिनदारांची काळजी खरी आहे. तेव्हा लग्नसराईतले मोजके दिवस भाड्यासाठी राखावेत, आणि पहिल्या वर्षीच्या विजेचा व खाऊचा खर्च मी पाठवीन. ही रक्कम माझ्या नावाने जाहीर करू नका.

दादाचा धाकटा दिवसभर नाक्यावर उभा असतो म्हणून तुम्ही त्याच्यावर चिडता. त्याचे अक्षर किती सुंदर आहे हे मला माहीत आहे, तेव्हा पहिल्या हस्तलिखित अंकाचे लेखन त्यालाच सांगा. मीही त्याला वेगळे पत्र लिहिते आहे. अंक निघाला तर त्याची प्रत जपून ठेवा, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी आले की मी हातात घेऊन वाचीन. आईला म्हणावे, गुडघ्यांचे तेल पुढच्या आठवड्यात पाठवते.

सभेत काय ठरले ते सविस्तर कळवा.

तुमची,
लेक