गहाण घर घेताना बँकेची संमती हवीच

महोदय,
बँकेकडे गहाण असलेली सदनिका ‘उरलेले हप्ते मी भरतो’ एवढ्या लेखी कबुलीवर विकत घेण्याचे व्यवहार सर्रास होतात. माझ्या मावसभावाने तीन वर्षे हप्त्यांची रक्कम मूळ मालकाच्या हाती दिली, त्याने ती बँकेत भरलीच नाही, आणि एके सकाळी दारावर ताब्याची नोटीस चिकटलेली दिसली. तिच्यावर भावाचे नावही नव्हते. बँकेच्या संमतीविना कर्जदार बदलत नाही, त्यामुळे २००२च्या सरफेसी कायद्याखालील (थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणारा कायदा) ६० दिवसांत थकबाकी भरा असे सांगणारी पहिली मागणी-नोटीस मूळ मालकालाच जाते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ९१नुसार गहाण सोडवण्याचा हक्क खरेदीदारालाही आहे, पण लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सारी थकबाकी भरण्याइतका अवधी त्याला मिळायला हवा. म्हणून ही पहिली नोटीस घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही देणे बँकांवर बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे