सहा कोऱ्या पानांचे काय करायचे, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२.

विषय: बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रसूतीचा प्रत्यक्ष अनुभव मिळण्याबाबत.

महोदय,

मी मुंबईतील एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या सातव्या सत्रात शिकते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. दिवाळीपूर्वीच्या पालकसभेत आम्हाला सांगण्यात आले होते की, ज्या मुलींच्या केसबुकातील प्रसूती अपुऱ्या आहेत त्यांना सुट्टी संपताच तीन आठवड्यांसाठी बाहेरच्या एका प्रसूतिगृहात पाठवले जाईल. माझे वडील अर्धा दिवस रजा टाकून त्या सभेला आले होते आणि हे ऐकून त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. गेल्या सोमवारी नव्या पोस्टिंगची यादी फलकावर लागली. तीत प्रसूतिगृह कुठेच नव्हते. आम्हा अकरा जणींच्या नावांपुढे 'मेडिसिन ओपीडी' असे लिहिलेले होते. विचारायला गेलो तेव्हा, "तिथली परवानगी आली नाही, तुमचं तुम्ही बघा," एवढेच उत्तर मिळाले. आमचे आम्ही काय बघायचे हे मात्र कोणी सांगितले नाही. दिवस भरलेल्या बायका शोधत आम्ही चाळीचाळींतून फिरावे, अशी अपेक्षा असावी.

केसबुक म्हणजे काय, हे आपल्या कार्यालयातील अधिकाऱ्यांना माहीत असेलच, तरीही सांगते. प्रत्येक प्रसूतीसाठी त्यात एक पान असते. बाईचा नोंदणी क्रमांक, कितवी खेप, कळा केव्हा सुरू झाल्या, गर्भाशयाचे तोंड किती सेंटिमीटर उघडले, बाळाचे वजन, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार स्कोअर (म्हणजे जन्मलेल्या बाळाच्या प्रकृतीचे गुण), वार पूर्ण पडली की नाही, रक्तस्राव किती झाला, हे सारे लिहून खाली लेबर रूमच्या सिस्टरची सही घ्यायची. माझ्या केसबुकात 'स्वतः केलेल्या प्रसूती' या भागातील सहा पाने कोरी आहेत. आमच्या आधीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने २० साध्या प्रसूती स्वतःच्या हातांनी करणे अपेक्षित होते. युरोपीय संघाच्या नियमात मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित प्रसाविका, होण्यासाठी हा आकडा ४० आहे. तेवढ्या मिळतच नसतील तर निदान ३० स्वतः कराव्यात आणि शिवाय २० प्रसूतींत साहाय्य करावे, अशी त्यात सवलत आहे. आमच्या वर्गातील सर्वांत नशीबवान मुलीच्या सात झाल्या आहेत आणि तिला आम्ही गमतीने 'मोठ्या सुईणबाई' म्हणतो.

आता एका रात्रीची हकीकत सांगते, कारण आकड्यांनी कोणाचे मन हलते असा माझा अनुभव नाही.

सप्टेंबरमधील रात्रपाळी होती. मानखुर्दहून आलेली एक पहिलटकरीण रात्री नऊच्या सुमारास चार सेंटिमीटरवर लेबर रूममध्ये दाखल झाली. सोबत सासू होती, पण तिला बाहेरच बसवले होते. मी त्या बाईजवळ सात तास होते. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मोजून पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावर, टिंब काढत होते, कळ आली की तिच्या कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाब देत होते, मधल्या उसंतीत चमच्याने पाणी पाजत होते. ती माझा हात इतका घट्ट धरायची की दुसऱ्या दिवशी माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ होते. पहाटे चारच्या आसपास गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले, बाळाचे डोके दिसू लागले आणि मी हातमोजे घातले. त्याच क्षणी दोन इंटर्न डॉक्टर आत आले. त्यांतील एकाने अगदी सौजन्याने सांगितले, "सिस्टर, माझी एक केस बाकी आहे, मला करू द्या." मी काही बोलण्याआधीच रेसिडेंट मॅडमनी मला मानेने बाजूला व्हायची खूण केली. मी करायचे काय राहिले होते? मी ट्रेकडे गेले, रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिट्स भरून ठेवली, नंतर वार तपासली, बाळाच्या मनगटाला पट्टी बांधली आणि मावशींना फरशी पुसायला मदत केली. बाळ रडले तेव्हा ती बाई मान वळवून विचारत होती, "ताई कुठं गेल्या?"

ताई बेसिनपाशी होत्या, साहेब. त्या सात तासांसाठी केसबुकात रकाना नाही. बाळ ज्याच्या हातात पडले, केस त्याची.

त्या इंटर्नवर माझा राग नाही, हेही नमूद करते. त्याचेही लॉगबुक भरायचे होते आणि त्यालाही कोणीतरी 'तुमचं तुम्ही बघा' म्हटलेले असणार. एका लेबर रूममध्ये एमबीबीएसचे इंटर्न, रेसिडेंट, जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या मुली, एएनएम या सहायक परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या मुली आणि आम्ही, असे सगळे एकाच बाईच्या पायांशी उभे असतो. त्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न तर केसबुकात, लॉगबुकात किंवा शासन निर्णयात कुठेही येत नाही.

मग आमच्या स्वतःच्या रुग्णालयाचे काय, असे आपण विचाराल. नर्सिंग महाविद्यालयाला १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे असा निकष आहे आणि आमच्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत त्याचे रंगीत छायाचित्रही आहे. त्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागात आठ खाटा आहेत. मी तिथे चार आठवडे होते. त्या काळात झालेल्या एकोणीस बाळंतपणांपैकी तेरा सिझेरियन होती. उरलेल्या सहा बायकांच्या वाट्याला आम्ही बावीस मुली होतो. भागाकार आपण करावा.

इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण हा प्रश्न केवळ माझ्या सहा पानांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले होते. म्हणजे खासगी रुग्णालयात जवळपास प्रत्येक दुसरे बाळ पोट कापून बाहेर येते आणि त्याच खासगी रुग्णालयांना जोडलेल्या महाविद्यालयांत आम्ही साधी प्रसूती शिकायची. जे तिथे घडतच नाही ते शिकवणार कोण? साधे बाळंतपण धीराने, कात्री न लावता, बाईला हवे तसे कुशीवर वळू देऊन होते, हे जिने कधी डोळ्यांनी पाहिलेलेच नाही, ती उद्या लेबर रूममध्ये उभी राहून डॉक्टरांना "मॅडम, अजून थोडं थांबूया" असे कोणत्या तोंडाने म्हणणार? सिझेरियन वाढले म्हणून आम्हाला प्रसूती मिळत नाहीत आणि आम्ही शिकलो नाही म्हणून सिझेरियन आणखी वाढतील. हे साधे गणित अभ्यासक्रमाच्या कागदांवर मला आजवर कुठेही दिसलेले नाही.

कागदांची मात्र कमतरता नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नर्सना १८ महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' तयार करायच्या आणि त्यांनी चालवलेले प्रसूती कक्ष उभे करायचे, असे त्यात आहे. २०२३ मध्ये संसदेने १९४७ चा जुना नर्सिंग कौन्सिल कायदा रद्द करून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला, म्हणजे 'मिडवाइफरी' हा शब्द आता कायद्याच्या नावातच आहे. आम्ही पदवी घेऊन नोंदणी केली की आमच्या नावापुढे दोन उपाध्या येतील: नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. ब्रिटनमध्ये मिडवाइफरीची वेगळी पदवी असते, नर्स न होताही ती थेट घेता येते आणि साधी प्रसूती ही तिथे मिडवाइफचीच जबाबदारी मानली जाते. आमच्याकडे चार वर्षांच्या पदवीतली दोन सत्रे, त्यांतली काही आठवड्यांची लेबर रूम आणि त्या आठवड्यांतला एक कोपरा आमचा. एवढ्यावर प्रसाविका व्हायचे आणि मग खरी प्रसाविका होण्यासाठी आणखी दीड वर्ष शिकायचे. मग पहिल्या वेळी आम्हाला जी उपाधी दिली ती नेमकी कशाबद्दल होती?

बायकांच्या बाळंतपणासाठी याच शहराने पूर्वी काय काय केले आहे, ते आठवले की जास्त वाईट वाटते. बायकांना बाईच्याच हातून उपचार मिळावेत म्हणून १८८६ मध्ये इथे कामा रुग्णालय उभे राहिले आणि त्यासाठी इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून आणले गेले. १९२६ मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह झाले. त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्यासाठी परवानगीचे एक पत्र येत नाही.

आता थोडे माझ्याबद्दल, कारण मला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मी ठाण्यापलीकडच्या दिव्याहून येते. सकाळच्या पाळीसाठी चार वाजता उठते, कारण पाचनंतरच्या लोकलमध्ये दिव्याला चढता येत नाही, हे मंत्रालयातही कोणाला तरी ठाऊक असेल. वर्षाची फी एक लाख दहा हजार. त्यासाठी आईने सोसायटीतून कर्ज काढले आहे आणि त्याचा हप्ता माझ्या पहिल्या पगाराच्या भरवशावर आहे. पदवी मिळण्याआधी प्रत्येक वॉर्डातील हजेरी शंभर टक्के भरावी लागते, म्हणून जुलैत ताप असताना मी लेबर रूमबाहेरच्या बाकड्यावर बसून गोळी घेतली आणि पुन्हा आत गेले. माझी हजेरी शंभर टक्के आहे. शासनाच्या बाजूची हजेरी कोण मांडते? दर १२ मे रोजी, परिचारिका दिनी, आम्हाला गुलाबाचे फूल आणि 'पांढऱ्या वेशातील देवदूत' असा बॅनर मिळतो. २०२० मध्ये तर सगळ्या देशाने आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. देवदूतांना पगार लागत नाही, जेवण लागत नाही आणि बहुधा शिकायचीही गरज नसते, त्यामुळे हे संबोधन फार सोयीचे आहे.

मागणे फार नाही. कोणत्या लेबर रूममध्ये महिन्याला किती साध्या प्रसूती होतात ते पाहून तिथे किती विद्यार्थी पाठवायचे ते ठरवावे. महाविद्यालयाच्या शुल्काकडे पाहून नव्हे. साध्या प्रसूतीवर पहिला हक्क प्रसाविका होणाऱ्या मुलीचा, असे एका ओळीचे परिपत्रक काढावे. ज्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या प्रसूती होतच नाहीत, त्याने मुलींना कुठे पाठवायचे हे प्रवेशाच्या आधी लेखी द्यावे. आणि बाईजवळ बसून काढलेल्या तासांना केसबुकात एक रकाना द्यावा; तो तर छपाईच्या खर्चातच होईल.

शेवटची गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण ती लपवली तर बाकीचे पत्र खोटे ठरेल. आमच्याकडे 'केस उतरवणे' असा एक शब्द आहे. लेबर रूमच्या रजिस्टरमधून जुने नोंदणी क्रमांक, वजने आणि वेळा उतरवून घ्यायच्या, वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखे वाटावे म्हणून दोन रंगांची पेने वापरायची आणि दयाळू सिस्टरना गाठून सगळ्या सह्या एकदम घ्यायच्या. आमच्या आधीच्या तुकड्यांनी हेच केले. सर्वांना हे माहीत आहे आणि कोणीही विचारत नाही, कारण विचारले तर उत्तर द्यावे लागेल. अशा पानांवर पदवी घेतलेली एखादी सिस्टर उद्या रात्री दोन वाजता कुठल्यातरी आरोग्य केंद्रात एकटी असेल आणि समोर वार अडकलेली बाई असेल.

केसबुक येत्या २८ तारखेला जमा करायचे आहे. माझ्या मैत्रिणीने काल एक निळे आणि एक काळे अशी दोन पेने माझ्या दप्तरात ठेवली आहेत. मी ती अजून बाहेर काढलेली नाहीत.

आपली,
सातव्या सत्रातील एक विद्यार्थिनी,
मुंबई