आठ कुंड्या, चार परदेशी ऋतू आणि भोक एकही नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख (हे पद खरोखर कोणाकडे असेल तर)

विषय: आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील आठ मोठ्या कुंड्या, तुमची वार्षिक हंगामी सजावट योजना आणि काल झालेला फोन

काल दुपारी 12 वाजून 10 मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेला मी सातव्यांदा फोन केला. एकूण 47 मिनिटं. त्यातली 31 मिनिटं बासरी ऐकण्यात गेली. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं, हिंदी आली. ते मी सोडून दिलं, कारण पुढे जे ऐकायला मिळालं ते कुठल्याही भाषेत तेवढंच लागलं असतं. तक्रारी फोनवर करणं मी कालपासून बंद केलं आहे, म्हणून हे पत्र.

योजना तुमची आहे, त्यामुळे ती समजावून सांगत बसत नाही. आमच्या 28 घरांनी प्रत्येकी 4,000 रुपये काढले, एकूण 1,12,000, कर वेगळा. सोसायटीची सचिव म्हणून सही माझी आहे आणि जिन्यात भेटेल तो मलाच विचारतो. चोवीस इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या आठ फायबरच्या कुंड्या आणि वर्षातून चार वेळा तुम्ही लावून द्यायची झाडं. चार वेळा म्हणजे स्प्रिंग, समर, फॉल आणि विंटर. हे वाचलं तेव्हाच मला थांबायला हवं होतं. नाशिकमध्ये फॉल म्हटलं की लोक सोमेश्वरला गाडी काढतात, धबधबा बघायला.

तर तुमचा स्प्रिंग होळीच्या सुमारास आला. पॅन्सी आणि पेटुनिया. दिसायला देखणी, यात वाद नाही. पहिले आठ दिवस लोक गेटवर उभे राहून फोटो काढत होते. पण पॅन्सी हे थंडीचं फूल. आमच्याकडे ते नोव्हेंबरात लावतात आणि फेब्रुवारीत त्याचा निरोप घेतात. तुम्ही ते मार्चमध्ये आणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटवर ठेवलंत. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला आणि पॅन्सीचा पापड झाला. पेटुनिया आणखी दहा दिवस तग धरून होती, नुसत्या चिकट काड्या. तुमच्या ॲपने तेव्हा कळवलं, "स्प्रिंगचा आनंद घ्या!"

समर आला 1 जूनला. तुमच्याकडे जूनमध्ये उन्हाळा सुरू होतो, आमच्याकडे तो संपतो. मधोमध उंच म्हणून लॅव्हेंडर, भोवती भरगच्च म्हणून कोलियस, कडेवरून खाली सोडायला चिनी गुलाब. उंच, भरीव आणि लोंबणारं हे गणित मलाही माहीत आहे, आणि चित्रात ते झकास दिसतं. पण एका कुंडीत राहणाऱ्यांची तहान एकसारखी हवी, हे चित्रात दिसत नाही. कोलियसला ओल आणि सावली लागते. चिनी गुलाबाला कोरडी माती आणि कडक ऊन, त्याला आपल्याकडे ऑफिस टाइम म्हणतात ते ऊन चढल्यावर उमलतो म्हणून. नाशिकच्या जुलैत सूर्यच रजेवर असतो, मग ऑफिस उघडणार कसं? महिनाभर सगळ्या कळ्या मिटलेल्या. आणि लॅव्हेंडर? ते भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरचं झाड. पावसाळ्यात त्याचं काय होणार हे नर्सरीत पाणी घालणाऱ्या पोराला विचारलं असतंत तरी कळलं असतं.

पण लॅव्हेंडर नुसत्या पावसाने मेलं नाही. ते मेलं कारण कुंडीला भोक नव्हतं.

हे मी याआधी सहा वेळा सांगितलं आहे. सहा तक्रार क्रमांक आहेत, सहाही तुम्ही "निराकरण झाले" म्हणून परस्पर बंद केलेत. सातव्यांदा सांगते. कुंडीच्या बुडाला भोक पाडायची नुसती खूण असते, गोल, ठसा मारल्यासारखी. तुमच्या माणसाने ती पाडलीच नाही. आठपैकी आठ. आम्हाला कळलं ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा गेटवर गटारासारखा वास यायला लागला आणि वॉचमन काकांनी ड्रेनेज तुंबलं म्हणून प्लंबरला बोलावलं. प्लंबरने चेंबर उघडून पाहिलं, ते स्वच्छ होतं. मग तो वास हुंगत हुंगत कुंडीपाशी आला. आमच्या इलेक्ट्रिशियनने कुंडीच्या कडेला, अगदी तळाशी, ड्रिल लावलं. बीट आत गेलं तसं काळं पाणी पिचकारीसारखं त्याच्या पँटवर उडालं. एका कुंडीतून वीस मिनिटं पाणी वाहत होतं. लॅव्हेंडर उपटलं तर मुळं तपकिरी, बोटात धरून ओढली की वरचं साल मोज्यासारखं निघून यायचं. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागेत वाढले आहे. कुजलेलं मूळ कसं असतं ते मला ॲपवरून शिकायचं नाही.

आता खडी. तुमच्या माणसाने बुडाला सहा इंच खडी भरली आणि "मॅडम, पाणी निचरायला" असं मलाच शिकवलं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून ओथंबली की मगच ते खाली गळतं. म्हणजे भोक असतं तरी त्या खडीने पाणी काढलं नसतं, चिखलाचा थर तेवढा सहा इंच वर, मुळांच्या जवळ आणून ठेवला असता. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या, भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळून थांबेल. मग तोच स्पंज उभा धरा, पुन्हा गळायला लागेल. उंची वाढली की निचरा वाढतो, आणि तुम्ही चोवीस इंचांची कुंडी विकून त्यातले सहा इंच खडीला दिलेत. मी हे काल तुमच्या प्रतिनिधीला फोन स्पीकरवर ठेवून, बेसिनपाशी उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, स्पंज आमचं प्रॉडक्ट नाही."

कालच्या फोनबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण तो रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता. ऐकून घ्या एकदा.

मी एवढंच विचारलं होतं की सप्टेंबरात शोभेचा कोबी पाठवायचं कोणी ठरवलं. कारण तुमचा फॉल पितृपक्षात येऊन दाखल झाला (त्यावरूनही आमच्याकडे दोघांनी नाकं मुरडली, ते सोडा). शेवंती फुललेलीच आणली होतीत, ती पंधरा दिवसांत उतरली. राहिला कोबी. त्याला जांभळा-गुलाबी रंग चढतो तो रात्री गार पडायला लागल्यावर. ऑक्टोबर हीटमध्ये तो हिरवाच राहिला, आणि मग अळ्यांनी त्याची चाळण केली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मला विचारत होत्या, भाजी करायची का गं याची. गेटवर! आठ कुंड्यांत!

तर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅम, झाडं सिस्टिम ठरवते. तुमच्या लोकेशनप्रमाणे."

मी म्हटलं, कुठलं लोकेशन दिसतंय?

टकटक टकटक. "नाशिक. कोस्टल झोन."

मी म्हटलं, पुन्हा सांगा.

"कोस्टल, मॅम. समुद्रकिनारा."

मी खुर्चीवर बसले. त्याला सांगितलं की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, समुद्र आणि आम्ही यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे आणि मुंबईला जायला कसारा घाट उतरावा लागतो. तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं, लिहून घेतोय. मग म्हणाला, "मॅम, पण सिस्टिममध्ये वॉटर बॉडी दिसतेय. गोदावरी."

मी म्हटलं, ती नदी आहे. ती इथून जवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि निघते ती थेट बंगालच्या उपसागराकडे, पलीकडच्या किनाऱ्याला.

"हां मॅम, म्हणजे समुद्र कनेक्टेड आहे."

इथपर्यंतही मी हसले असते. खरंच. पण मी जुलैचा विषय काढला, तर उत्तर आलं, "आपने पानी ज्यादा डाला होगा." मी सांगितलं, जुलैत पाणी मी घातलं नाही, ते वरून आलं. त्यावर, "मग कुंड्या आत घ्यायला हव्या होत्या, मॅम." भिजलेली एक कुंडी अडीचशे किलोच्या घरात जाते. आमचे वॉचमन काका 61 वर्षांचे आहेत. मी विचारलं, तुमच्या माहितीपत्रकावर "बाहेरच्या जागेसाठी खास" असं छापलंय त्याचा अर्थ काय? तो म्हणाला, "बाहेरच, मॅम, पण काळजी घेऊन."

मग गॅरंटी. "झाडं लिव्हिंग थिंग आहेत, त्यांची गॅरंटी देता येत नाही." मी विचारलं, कुंडीही लिव्हिंग थिंग आहे का? तिला भोक नव्हतं, त्याची तरी गॅरंटी आहे का? त्यावर त्याने वरिष्ठांशी बोलतो म्हणून पुन्हा बासरी लावली, आणि परत आला तो हे वाक्य घेऊन: "मॅम, आमच्या एक्स्पर्टने सांगितलंय, तुम्ही रोज थोडा वेळ झाडांशी बोलत जा. पॉझिटिव्ह फरक पडतो."

बँकेत 33 वर्षं काउंटरवर काढली. लोकांचा राग कसा झेलायचा ते मला कळतं, आणि समोरच्या मुलाचा दोष नाही हेही कळतं. त्याला जे लिहून दिलंय तेच तो वाचतोय. म्हणून मी त्याला काही बोलले नाही. फोन ठेवल्यावर एक मिनिटाने मेसेज आला, आमच्या सेवेला पाच तारे द्या.

तुमच्या विंटरबद्दल आता लिहिते, कारण ते यायचं आहे आणि मला ते येऊ द्यायचं नाही. ॲपमध्ये चित्र आहे: मधोमध एक सुरूसारखं कोनिफर, भोवती पांढरे गोटे, चार सुक्या फांद्या. युरोपात थंडीत दुसरं फारसं काही तगत नाही म्हणून ते लोक असं करतात, त्यांचं बरोबर आहे. नाशिकमध्ये मात्र फुलांचा हंगाम हाच. ऑक्टोबरअखेर रोपं मातीत गेली की डिसेंबर ते फेब्रुवारी डायंथस, फ्लॉक्स, पेटुनिया, कॅलेंडुला, डेलिया, कडेला अलिसम, सगळं एकाच वेळी फुलतं. ज्या गावाला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत, त्या गावाला तुम्ही ऐन बहराच्या महिन्यांत गोटे पाठवणार. मार्चमध्ये जी पॅन्सी तुम्ही जाळलीत ती आत्ता हवी होती. पावसाळ्यात तेरडा, कर्दळ आणि सावलीच्या बाजूला कोलियस चाललं असतं, उन्हाळ्यात सदाफुली, चिनी गुलाब, बटणफूल. यात गुपित काही नाही. मखमलाबादकडच्या नर्सरीत मी परवा गेले, तिथल्या मामांनी हे मला चहा होईपर्यंत सांगितलं. पैसे घेतले ते फक्त रोपांचे.

वाईट याचं वाटतं की तुमचं नाव मीच सभेत सुचवलं होतं. तुमचा आधीचा माल चांगला होता. माझ्या बाल्कनीतल्या तुमच्या दोन छोट्या कुंड्या नऊ वर्षं उन्हात आहेत, रंग उडालेला नाही. त्यांना भोकंही आहेत.

मागणी अशी. विंटरची ऑर्डर रद्द करा. तीन हंगामांची झाडं जी मेली त्यांचे आणि चौथ्याचे पैसे सोसायटीच्या खात्यात परत करा. कुंड्या आम्ही ठेवतो, भोकं पाडून झाली आहेत, ड्रिलचे 800 रुपये मात्र बिलात जोडले आहेत. पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी निवृत्त आहे, मला वेळच वेळ आहे. आयोगासमोर तुमच्या वकिलांना नाशिकचा समुद्र दाखवावा लागेल, तेवढी तयारी ठेवा.

आणि एक. तुमची खडी आम्ही आठही कुंड्यांतून काढली आहे. 14 पोती झाली. ती तळमजल्यावर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये रचून ठेवली आहेत आणि दिवाळीला पाहुणे येणार आहेत. टेम्पो पाठवा. माणूस पाठवाल तो ॲपवरून पत्ता शोधत येणार असेल, तर त्याला आधीच सांगून ठेवा, घाट चढून वर यायचंय.

सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, गंगापूर रोड, नाशिक

सोबत: सहा तक्रार क्रमांक, कुजलेल्या मुळांचे फोटो, कुंडीच्या बुडाचे फोटो (भोक पाडण्याआधीचे), ड्रिलचं बिल