सूचना : 'मोफत फी'च्या फॉर्मबाबत रविवारची बैठक

पालक मंडळातील ताई-दादांनो, नमस्कार.

निवडणुकीचा प्रचार सुरू झाल्यापासून 'नव्वद टक्के मिळवा, कॉलेजची फी माफ' असं सांगत गल्लोगल्ली फॉर्म वाटताहेत. त्यावर बोलायला येत्या रविवारी सकाळी १० वाजता अमळनेरला, आपल्या नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. कापूस वेचणीचे दिवस आहेत, तासाभरात उरकू.

तोवर एवढं पाळा :

१) प्रचाराच्या फॉर्मवर मुलांचा आधार क्रमांक, बँक खातं देऊ नका. ओटीपी तर नाहीच. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात, प्रचाराच्या मांडवात नाही.

२) आश्वासन म्हणजे शासन निर्णय नव्हे. जाहीरनाम्यातल्या आश्वासनासाठी पैसा कुठून येणार, हे ढोबळमानाने सांगावं असं आचारसंहितेतच आहे. उमेदवार दारात आले की बिनधास्त विचारा. माफी फक्त शिक्षण शुल्काची, की वसतिगृह-मेसचीही? जळगाव-धुळ्याला खोली करून राहणाऱ्या पोरांचा मोठा खर्च तोच असतो.

३) जे आज लागू आहे ते सोडू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्याला नव्वद टक्के लागत नाहीत. प्रवेश मात्र कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको.

उत्पन्नाचा दाखला आणि मिळालेला फॉर्म सोबत आणा. ग्रुपवर कुठल्याच पक्षाची पत्रकं टाकू नयेत, टाकली तर काढली जातील.

– सचिव, पालक मंडळ