रॅम्पपुढच्या गाड्या आधी काढा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या सोलापुरातल्या एका नाट्यगृहानं सगळ्यांना फुकट आत सोडलं, स्टेजवर जा, मेकअप रूम बघा, हलगी वाजवून बघा, दिव्यांग, म्हातारे, लहान पोरं सगळ्यांनी या असं बाहेर बोर्डावर लिहिलेलं. नाट्यगृहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणाचा पाणउतारा करायचा नाहीये, असं काहीतरी करावं हे तिथल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं हेच लई झालं. मी दाजी पेठेतनं आमच्या अक्काला घेऊन गेले, ती पोलिओमुळं लहानपणापासून व्हीलचेअरवर, आणि सोबत शेजारचे मामा-मामी. मामा तेलुगू, चाळीस वर्षं माग चालवला, आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. मामी अजून विड्या वळतात.

आधी चांगलं सांगते. स्टेजवर गेल्यावर मामा म्हणले, मला पडद्यापाशी ने. तिथं त्यांनी पडदा दोन बोटांत धरला, अंगठ्यानं चोळला, मग काठ शोधत शोधत पाच-सहा पावलं सरकले आणि थांबले. म्हणाले, "हा पट्टा वेगळ्या थानाचा आहे, नंतर जोडलाय." पडदा ओढणारा पोरगा बघतच राहिला, कारण खरंच तेवढा भाग फाटला म्हणून बदलला होता आणि म्हणे खुर्चीत बसून आजपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. नंतर अर्धा तास तो पोरगा मामांना सोडेचना, दोऱ्या दाखव, कप्प्या दाखव, विंगेत ने, आणि मामा हात लावून लावून त्याला मागाच्या गोष्टी सांगतायत. बाहेर हलगी शेकून वाजवत होते, तिथं ऐकू न येणारा एक लहान पोरगा मागनं चामड्याला तळहात लावून उभा होता, प्रत्येक ठोक्याला मान हलवत. असलं बघायला मी परत दहा वेळा जाईन.

पण आमची अक्का हे सगळं खालनं बघत होती.

झालं असं, दारातच तीन पायऱ्या, बाजूला रॅम्प आहे, पण रॅम्पच्या तोंडाशी सहा-सात मोटारसायकली लावलेल्या. वॉचमनला म्हणलं तर तो म्हणतो, ताई आम्ही उचलतो की खुर्ची. चार पोरं धावत आली, मनानं चांगली होती बिचारी, पण अक्काला उचललेलं अजिबात आवडत नाही, आणि नको म्हणलं की लोकांना वाटतं बाई फार अ‍ॅटिट्यूडवाली आहे. शेवटी गाड्या हलवल्या. मग कळलं रॅम्पच असा खडा आहे की मागनं दोघांनी ढकलावं लागतं. अक्का शिवणकाम करते, पर्समध्ये टेप कायम असतो, तिनं तिथंच माझ्याकडनं मोजून घेतलं. चढ दीड फुटाचा आणि रॅम्प फक्त सात फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी हा साधा हिशोब आहे, म्हणजे अठरा फूट पाहिजे होता. आत स्टेजला पाच पायऱ्या आणि तिथं तर काहीच नाही. आम्ही सगळे वर लाइटखाली मिरवतोय आणि ज्यांच्या नावानं दिवस ठेवला त्यातली एक पहिल्या रांगेपुढं खुर्ची लावून आमचे फोटो काढतीय. वर बोलवणारे वरनं हात करत होते, या या म्हणून.

खुणांच्या भाषेत सांगणारी एक ताई आणली होती, त्याबद्दल मनापासून आभार, पण नाटुकलं सुरू झालं तसा हॉलमधला लाइट बंद केला आणि ती ताई अंधारात हात हलवत राहिली! आणि सगळं अनाउन्समेंट मराठीत. ज्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू रोज कानावर पडते तिथं मामींना काय चाललंय ते मामा कानात सांगत होते, ज्यांना दिसत नाही ते, दिसणाऱ्या बायकोला. आमचं हसू आवरेना, पण हसण्यासारखं नाहीये ते.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, कला आणि करमणूक त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे असं त्यात कलम २९ मध्ये लिहिलंय. जुन्या सार्वजनिक इमारती नीट करायला पाच वर्षं दिली होती, नियम २०१७ ला आले, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. तरी मी काय कोर्टात जा म्हणत नाहीये. रॅम्पपुढं दोन खांब रोवून साखळी लावा, त्या ताईवर एक छोटा फोकस ठेवा, बोर्ड चार भाषांत रंगवून घ्या, किती खर्च येणार आहे? आणि स्टेजचं म्हणाल तर हीच मंडळी नाटकाच्या सेटला दुमजली वाडा जिन्यासकट एका दुपारीत उभा करतात, मग पाच पायऱ्यांवर लाकडी उतार टाकायला सुतार कसा मिळत नाही? जागा लागते लांब, मान्य, पण विंगेच्या मागनं सामान चढवायचा रस्ता आहे तिथनं बघा की.

परत येताना रिक्षात मी म्हणलं, पुढच्या वर्षी नको यायला. तर अक्का म्हणली, "यायचं. फक्त त्यांना सांग, आठ दिवस आधी मला बोलवा, टेप मी आणते."

आपली,
एक वाचक, दाजी पेठ, सोलापूर