सोलर पॅनेलची पावसाळ्याआधीची कामं: अध्यक्षांना चौथं पत्र

दि. १२ मे २०२६
प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सिंहगड रस्ता, पुणे

विषय : गच्चीवरील सोलर पॅनेलची पावसाळ्यापूर्वीची देखभाल, सदनिका क्र. ५०२ मधील गळती आणि कबुतरांना दाणे घालणे याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

पहिलं पत्र २ जुलै २०२५ला दिलं, दुसरं सप्टेंबरात, तिसरं जानेवारीत. तिन्हींच्या पोचवर सचिवांची सही आहे, उत्तर एकाचंही नाही. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, सभासदाच्या तक्रारीवर समितीने पुढच्याच सभेत निर्णय घ्यायचा आणि पंधरा दिवसांत तो सभासदाला कळवायचा असतो. दहा महिने झाले. या काळात मी आवाज चढवला नाही, सोसायटीच्या ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही, हे आपणही मान्य कराल.

परवा रात्री वळीव आला. साडेअकराला वारं सुटलं आणि आमच्या बेडरूमच्या बरोबर डोक्यावर खडखड सुरू झाली. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्या दचकून उठल्या, "वर पत्रे कोण ओढतंय?" म्हणाल्या. सकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं. दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या पॅनेलचा क्लॅम्प सुटला होता, कडेला हात लावला तर पॅनेल बोटभर वर उचललं जात होतं. खाली कोब्यावर गंजलेला नट पडला होता. एकेक पॅनेल पंचवीस किलोच्या वर भरतं. ते पाचव्या मजल्यावरून खाली आलं, तर संध्याकाळी तिथे आपलीच मुलं सायकली चालवत असतात. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा टाकीचं झाकण उडून बी विंगच्या गाडीवर पडलं होतं. ते झाकण सैल आहे हेही मी आधी तोंडी सांगितलं होतं.

माझा सोलरला विरोध आहे असं समितीतले काहीजण सांगत फिरतात, ते खोटं आहे. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान मिळतं, आपल्या दहा किलोवॅटला १ लाख ८० हजार मिळतील, हा हिशोब २०२४च्या सभेत मांडला गेला तेव्हा अनुमोदन माझं होतं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल खाली आलं याचा मलाही आनंदच आहे. पण स्ट्रक्चरचे पाय बसवताना कोब्यात भोकं पाडली आणि त्यांच्या कडा नीट भरल्या नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या बेडरूमच्या छताला तांब्याच्या बुडाएवढा डाग पडला. ऑगस्टपर्यंत तो परातीएवढा झाला. सासूबाईंचा पलंग तेव्हापासून हॉलमध्ये आहे. दिवाळीला पाहुणे आले ते त्या पलंगाला वळसा घालून बसले.

माझा भाचा सोलरचीच कामं करतो. त्याला एप्रिलमध्ये मुद्दाम वर नेलं. त्याने जे दाखवलं ते समितीतल्या एकानेही वर येऊन पाहिलेलं नाही. पॅनेलखालच्या वायरींच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने तुटल्या आहेत आणि वायरींचे जोड कोब्यावर लोळतायत. तिथे पाणी साचलं की वायरीतून करंट गळतो, मग इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, सकाळी चालूच होत नाही. गेल्या जुलैत आठ-आठ दिवस तो बंद होता, तेव्हा "पावसात ऊनच नसतं" असं आपण सांगितलंत. ढगाळ दिवशीही थोडी वीज तयार होतेच. आपल्याकडे झाली नाही, कारण यंत्र बंद होतं. आकाशातली वीज अडवणाऱ्या रॉडची अर्थिंगची पट्टी पाइपाजवळ तुटली आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातल्याचं तर कुणालाच आठवत नाही. जिन्यातल्या सोलरच्या वायरींच्या पेटीच्या झाकणाचं रबर निघालंय. प्रकाश पडतोय तोवर पॅनेलच्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात, खालचं मेन बटण बंद केलं तरी. ओल्या गच्चीवर मुलं जातात, म्हणून हे लिहितेय.

आता सदनिका ४०४चा विषय. तेथील सदस्य रोज सकाळी पॅनेलच्या सावलीत ज्वारी टाकतात. कबुतरं दाणे खाऊन पॅनेलवर बसतात, खाली घरटी करतात. काड्या आणि पिसं पाण्याच्या पाइपाच्या जाळीत अडकतात आणि गच्चीचं तळं होतं. धूळ पावसाने धुऊन जाते, वाळलेली शीट जात नाही. ज्या ठिकाणी ती चिकटते तिथे काच तापते, वीज कमी होते. त्यांची श्रद्धा असेल, मी त्याबद्दल बोलत नाही. पण गच्ची सामाईक आहे, एका घराची नाही. मागच्या वर्षी माझ्या कुरडयांवरून नोटीस लागली होती. माझं वाळवण सकाळी घालून संध्याकाळी उचललं जातं, त्याने कुणाच्या छताला ओल आलेली नाही, त्यामुळे ती तुलना इथे लागू होत नाही. ४०४चे सदस्य समितीत आहेत, म्हणून त्यांना नोटीस नाही, असं लोक म्हणतात. ५०१, ३०३ आणि खालच्या मजल्यावरचे दोघं माझ्याशी सहमत आहेत. शेजारधर्म म्हणून ते सही करत नाहीत, एवढंच.

गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची, हे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. "खर्च कोण करणार?" हा प्रश्न पुन्हा विचारू नये. शिवाय सोलरची पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्यांकडेच आहे, तसा करार आपल्याच फाइलमध्ये आहे. फक्त फोन करायचा आहे. तो दहा महिन्यांत झाला नाही.

गेल्या वर्षी पाऊस २६ मेलाच पुण्यात दाखल झाला. म्हणून २० मेच्या आत सगळे नट-बोल्ट आवळून, गंजलेले बदलून, वायरी उचलून बांधून, अर्थिंग मोजून घ्यावं. स्ट्रक्चरच्या पायांभोवती वॉटरप्रूफिंग करावं आणि पाइपाच्या जाळ्या साफ कराव्यात. पॅनेल सकाळी लवकर धुवावीत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. कबुतरांसाठी जाळी लावावी आणि तिचा खर्च ४०४च्या बिलात टाकावा. काम होईपर्यंत गच्चीची एक किल्ली माझ्याकडे असावी. २० तारखेपर्यंत काम झालं नाही तर २१ला मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात जाईन, आधीच्या तिन्ही पोचींसह.

गच्चीत सापडलेला नट सोबतच्या पाकिटात घातला आहे. दुसरी रांग, जिन्याच्या बाजूचं शेवटचं पॅनेल. कृपया तिथेच बसवावा.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ५०२